मफलरची सुरळी का होते?

थंडीच्या दिवसांत यवतमाळच्या आसपास कुठल्याही गावात पहाटे उभे राहून बघा. कपाशी वेचायला निघालेल्या बाया, रात्रीच्या विजेवर गव्हाला नि हरभऱ्याला ओलीत करून परतणारे गडी, शाळेची पोरे. ज्याच्या त्याच्या कानाला काहीतरी गुंडाळलेले. आपला जिल्हा उन्हाळ्यासाठी गाजलेला खरा, पण डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा दहा अंशांच्याही खाली जातो. यांतले पुष्कळसे मफलर घरी विणलेले असतात, आणि पुष्कळांची तक्रार एकच असते. सुईवरून उतरवला तेव्हा चांगला वीतभर रुंद होता. चार दिवसांत दोन्ही कडा आत वळल्या आणि गळ्यात आता दोरखंड तेवढा उरला आहे. कान उघडे, मान उघडी. महिनाभर दुपारच्या दुपारी दिलेल्या, वर लोकरीचे पैसे गेले ते निराळेच.

अशा वेळी विणणारी बाई स्वतःलाच बोल लावते. हात सैल पडला असेल, लोकर हलकी निघाली असेल. माझे म्हणणे असे की, बहुतेक वेळा हातही चांगला असतो आणि लोकरही ठीक असते. चुकते ती विणीची निवड. (आमच्या घरी सुया चालवणारे हात दुसऱ्याचे आहेत. मी आपला बाजूला बसून टाके मोजणारा, तेव्हा हे बोलायला मला संकोच नाही.)

एक प्रयोग करा. घरात जुना, टाकून दिलेला टी-शर्ट असेलच. त्याच्या घेराची शिवण कापून टाका आणि कापलेली कड थोडी ताणून सोडा. ती लगेच बाहेरच्या, म्हणजे चांगल्या बाजूकडे वळून तिची सुरळी होईल. आता उभी पट्टी कापा. तिच्या कडा मात्र उलट, आतल्या बाजूला वळतील. नंतर उभ्या रेघांचा, ताणला की भरपूर पसरणारा जुना बनियन घ्या आणि तोही कापा. तो जवळजवळ सपाट राहतो. दोन्ही कापडे विणलेलीच आहेत, सूतही सारखे असू शकेल. फरक आहे तो टाक्यांच्या रचनेत. कारखानदाराला हे ठाऊक असते, म्हणून तो टी-शर्टचा घेर दुमडून शिवतो आणि गळ्याला ती रेघांची पट्टी लावतो.

कारण समजायला सोपे आहे. ओली काडी वाकवून धरली की ती सरळ व्हायला बघते. टाका म्हणजे असाच वाकवून धरलेला दोरा. सुलट टाक्यात नवा फास जुन्या फासातून मागून पुढे काढतात. उलट टाका म्हणजे तोच टाका मागच्या बाजूने पाहिलेला, दुसरे काही नाही. एक ओळ सुलट आणि परतीची ओळ उलट अशी आपली नेहमीची वीण घातली, तर चांगल्या बाजूला सगळे टाके सुलटच दिसतात. म्हणजे हजारो टाके एकाच दिशेने वाकलेले. एका टाक्याचा जोर कितीसा? पण सगळ्यांचा मिळून एवढा होतो की बाजूच्या कडा मागे वळतात आणि वरची-खालची कड पुढे येते. आपली घोंगडी किंवा वाकळ अशी वळत नाही. घोंगडीत उभे-आडवे धागे सरळ असतात, वाकळीला फासच नसतात.

तेव्हा उपाय उघड आहे: सुलट आणि उलट टाके शेजारी शेजारी येऊ द्यावेत, म्हणजे एकाचा ओढा दुसरा मारतो.

सगळ्यांत सोपी वीण म्हणजे जाताना सुलट आणि येतानाही सुलट. वर्गात एखादा चौकस मुलगा विचारील, सगळेच सुलट तर मग ही पट्टी अधिकच वळायला हवी. प्रश्न रास्त आहे. पण दोन सुयांवर विणताना प्रत्येक ओळीनंतर आपण काम फिरवतो, त्यामुळे समोरून पाहता एक ओळ सुलट आणि पुढची उलट अशीच पडते. ही वीण दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, जाड होते, ऊब धरते. लांबीत ती सैलावते, लोकरही जरा जास्त खाते. तरी नवशिक्याने पहिला मफलर हिचाच करावा असे मी म्हणेन.

दुसरी साबुदाण्याची वीण. टाके विषम संख्येत घ्या; एक सुलट, एक उलट करीत जा आणि शेवट सुलट टाक्याने करा. प्रत्येक ओळ अगदी अशीच. सुलटावर उलट आणि उलटावर सुलट येऊन कापडावर दाणे उठतात. हिच्याइतकी सपाट वीण मला दुसरी माहीत नाही. फक्त वेळ लागतो, कारण दर टाक्याला दोरा मागेपुढे करावा लागतो.

उभ्या रेघांची वीण, म्हणजे सुलटावर सुलट आणि उलटावर उलट, हीही वळत नाही. पण रुंदीत आक्रसते. मफलरला ती उत्तम, गळ्याशी बिलगून बसते. ब्लँकेटला मात्र घेऊ नका. ब्लँकेटला टोपलीची वीण शोभते: टाके आठाच्या पटीत घ्या, चार ओळी ‘चार सुलट, चार उलट’ विणा, पुढच्या चार ओळी ‘चार उलट, चार सुलट’, आणि असेच आलटून पालटून. चौकडी लहानच ठेवावी. दहा-बारा टाक्यांची केली की प्रत्येक चौकोन फुगतो.

साधी वीण मध्ये ठेवून दोन्ही कडांना पाच-पाच टाक्यांची सुलट पट्टी लावा, असा सल्ला पुष्कळदा मिळतो. अरुंद मफलरात ती पट्टी स्वतःच दुमडून आत जाते. ब्लँकेट रुंद असेल, पट्टी चांगली दोन-तीन बोटे असेल आणि ती खाली-वरही घातली असेल, तर काम भागते. इस्त्रीचाही भरवसा धरू नये. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळते ते बहुधा ॲक्रिलिक असते. गरम इस्त्रीने ते निर्जीव, लोळागोळा होऊन बसते. एक लहानसा धागा मोठ्या माणसाने चिमट्यात धरून जाळून पाहावा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. खरी लोकर ओली करून, सपाट पसरून वाळवली तर बसते, पण साधी वीण वापरात पुन्हा वळायची ती वळतेच.

आता शिक्षकांसाठी थोडे. आपल्या शेजारी वर्ध्याला १९३७ साली जी शिक्षण परिषद भरली, तिने हस्तोद्योगातूनच गणित आणि इतर विषय शिकवावेत असा विचार मांडला. तिथे टकळी होती. इथे सुया घ्या. आधी वीस टाक्यांचा नमुना विणून मोजायला लावा. सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हेही मुलांना सांगा, नाहीतर दुकानात घोटाळा होतो. समजा, सुलट विणीत वीस टाके दहा सेंटिमीटर भरले, तर पंधरा सेंटिमीटरला तीस. या विणीत जितके टाके त्याच्या साधारण दुप्पट ओळी झाल्या की चौकोन होतो. म्हणजे साठ ओळी. असे सत्तर चौकोन, सात रुंदीत आणि दहा लांबीत, जोडले की १०५ बाय १५० सेंटिमीटरचे ब्लँकेट होते. लहान मुलाला अंगभर पुरते. सगळ्या मुलांना एकाच नंबरच्या सुया द्या आणि टाके मिटवताना हातभर दोरा सोडायला सांगा; त्याच दोऱ्याने चौकोन एकमेकांना शिवता येतात.