ट्रॅक्टरचे डोझर पाते : निवड, लिव्हरचा वापर आणि देखभाल

चाकण, खेड, आळंदी परिसरात बटाटा लागवडीपूर्वी किंवा रब्बी कांद्यासाठी रान तयार करताना जमीन सपाट करणे, धरण-तलावातून आणलेला गाळ पसरवणे, शेणखताचे ढीग ओढणे आणि पावसाने उखडलेला शेतरस्ता नीट करणे ही कामे आता ट्रॅक्टरला जोडलेल्या पात्याने होतात. पाते साधे दिसते, पण चुकीचे निवडले किंवा घाईत चालवले तर सुपीक माती खरवडली जाऊन खालचा मुरूम उघडा पडतो. मग पुढची काही वर्षे त्या पट्ट्यात पीक खुरटलेलेच राहते. औद्योगिक पट्ट्यात गुंठ्यागुंठ्याला किंमत आली असताना हे नुकसान परवडणारे नाही.

पिकअपला पुढे पाते लावावे का?

बर्फ पडणाऱ्या देशांत पिकअप व ट्रकच्या पुढे पाते लावून रस्ते साफ करतात. ते पाहून आपल्या पिकअपलाही असे पाते बसवावे, असा विचार काही जण करतात. ताज्या भुसभुशीत बर्फाचे वजन घनमीटरला साधारण १०० किलोच्या आसपास असते, तर मातीचे १३०० ते १५०० किलो. बर्फासाठी पुरेशी असलेली चेसी, पुढचा अ‍ॅक्सल आणि क्लच मातीच्या ओझ्याखाली टिकत नाही. शिवाय नोंदणीकृत वाहनात असा बदल करताना मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे नियम लागू होतात. म्हणून शेतातील मातीकामाला ट्रॅक्टरच योग्य.

बर्फाच्या पात्यातील एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. अडथळा लागताच पाते मागे झुकावे म्हणून त्याला स्प्रिंग असते. आपल्या रानात दगडगोटे आणि कातळ असतो. त्यामुळे पात्याला स्प्रिंग किंवा निदान जोर आल्यावर तुटणारा बोल्ट असावा. काही रुपयांचा बोल्ट तुटलेला बरा, जोडणीचा सांगाडा वाकलेला नाही. तुटलेल्या बोल्टच्या जागी जास्त कडक बोल्ट कधीही घालू नये.

मागचे पाते की पुढचा डोझर?

- मागचे पाते : तीन बिंदू जोडणीवर बसते, स्वस्त असते आणि पाच-दहा मिनिटांत काढता येते. सपाटीकरण, रस्ता, बांधाच्या कडेची चर यासाठी पुरेसे. हे ओढण्यासाठी बनवलेले असते. उलट फिरवून न लावता रिव्हर्समध्ये माती ढकलली तर लिंक वाकतात.
- पुढचा डोझर : ढीग ढकलणे, गाळ पसरवणे यासाठी सोयीचा. मात्र पुढचा अ‍ॅक्सल, टायर आणि स्टिअरिंगवर कायमचे वजन येते. पॉवर स्टिअरिंग असलेल्या, साधारण ४५ एचपीपुढच्या ट्रॅक्टरलाच लावावा आणि मागे वजन जोडावे.
- लेझर लेव्हलर : मोठे, सलग क्षेत्र पाण्यासाठी बारकाईने समतल करायचे असेल तर हाच उत्तम. लहान क्षेत्रासाठी विकत न घेता भाड्याने किंवा अवजारे बँकेतून आणावा.

किती रुंदीचे पाते घ्यावे?

पाते तिरके केल्यावरही मागच्या दोन्ही टायरांचे ठसे झाकले गेले पाहिजेत. ३० अंश तिरके केल्यावर पात्याची कामाची रुंदी सुमारे १३ टक्क्यांनी घटते. म्हणजे ७ फुटी पाते साधारण ६ फूट आणि ६ फुटी पाते सव्वापाच फूट काम करते. आधी टायरच्या बाहेरील कडेपासून कडेपर्यंत टेपने मोजावे, मगच मागणी द्यावी. ३५ ते ४५ एचपीला सहसा ६ फूट आणि त्यापुढे ७ फूट योग्य ठरते. हलक्या ट्रॅक्टरला रुंद पाते लावले तर चाके घसरतात आणि डिझेल वाया जाते.

जोडणीच्या पिनाही मोजाव्यात. पहिल्या श्रेणीत खालच्या लिंकची पिन २२ मिमी आणि टॉप लिंकची १९ मिमी असते. दुसऱ्या श्रेणीत त्या अनुक्रमे २८ आणि २५ मिमी असतात. मोठ्या भोकात लहान पिन घालून काम भागवू नये. भोक लांबट होते आणि पाते डगमगते.

भोसरी-चाकण भागात फॅब्रिकेशनची कामे सहज होतात. तेथे पाते बनवून घेताना तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात : पत्र्याची जाडी, खालची धार वेल्डिंगने नव्हे तर बोल्टने बसवलेली असणे आणि पाते किती कोनांत फिरते. अनुदान हवे असेल तर मात्र मान्यताप्राप्त संस्थेचा तपासणी अहवाल असलेलेच अवजार निवडावे. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यानंतरच खरेदी करावी.

लिव्हरचा वापर

ट्रॅक्टरला सहसा दोन लिव्हर असतात : पोझिशन कंट्रोल आणि ड्राफ्ट कंट्रोल. नांगर ड्राफ्टवर चालतो, कारण जमीन कडक लागली की तो आपोआप थोडा वर यावा लागतो. पात्याला हे चालत नाही. ड्राफ्टवर ठेवले तर ओझे वाढताच पाते उचलते, कमी होताच खाली जाते आणि रानात लाटा पडतात. त्यामुळे पाते नेहमी पोझिशन कंट्रोलवर चालवावे.

टॉप लिंकच्या लांबीने पात्याचा माती खाण्याचा कोन बदलतो. एका वेळी दोनच फेरे फिरवावेत, २० मीटर चालवून पाहावे आणि मग पुढचा बदल करावा. पुढच्या डोझरला दुहेरी कामाचा जॅक आणि ‘फ्लोट’ स्थिती असलेला व्हॉल्व्ह असावा. फ्लोटमध्ये पाते आपल्या वजनाने जमिनीच्या चढउताराप्रमाणे चालते. शेवटचा हात फिरवायला आणि रस्ता साफ करायला हीच स्थिती वापरावी.

रानात काम करताना

१. काम वापशावरच करावे. ओल्या रानात पाते चालवले तर माती दाबली जाते.
२. एका फेरीत ४ ते ५ सेंमीपेक्षा जास्त माती घेऊ नये. गिअर लहान ठेवावा.
३. उंचवटा जास्त असेल तर वरची १५ सेंमी माती आधी बाजूला ओढून ढीग करावा, खालचा थर समतल करावा आणि तीच माती पुन्हा पसरावी. एक दिवस जास्त लागतो, पण सुपीक थर वाचतो.
४. पाटपाण्यासाठी १०० मीटरला साधारण २० ते ३० सेंमी उतार ठेवावा. अगदी सपाट रानात पाणी साचते.

राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने कांद्यासाठी १२० सेंमी रुंद, १५ सेंमी उंच गादीवाफा आणि ४५ सेंमी सरी अशी पद्धत सांगितली आहे. रान खालीवर असेल तर या वाफ्यांची उंचीही सारखी राहत नाही. म्हणून सपाटीकरण वाफे पाडण्याआधी पूर्ण करावे.

देखभाल

*रोज*
- सर्व पिनांना ८ ते १० तासांनी ग्रीस द्यावे.
- धारेचे बोल्ट आवळावेत. धार एका बाजूने झिजली की उलटून लावावी. झीज पात्याच्या पत्र्यापर्यंत जाऊ देऊ नये. धार बदलणे स्वस्त, पाते बदलणे महाग.
- तेलाची पातळी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, पाते टेकवून पाहावी.

*दर आठवड्याला*
- पाइपचे रबर फाटून आतील तारेची जाळी दिसत असेल तर पाइप लगेच बदलावा. नवा करून घेताना जुना सोबत न्यावा, म्हणजे आटे आणि लांबी जुळते.
- पाते एक फूट उचलून इंजिन बंद करावे आणि दूर उभे राहून पाहावे. १० मिनिटांत ते स्पष्टपणे खाली आले आणि बाहेर गळती नसेल, तर जॅकचे आतील सील किंवा व्हॉल्व्ह मेकॅनिकला दाखवावा.
- तेल दुधाळ दिसल्यास पाणी शिरले आहे. फेस येत असल्यास तेल कमी आहे किंवा हवा ओढली जात आहे.

जोडणीच्या कपलिंगला धूळटोपी लावावी. एकच डंपिंग ट्रॉली अनेक ट्रॅक्टरांना जोडली जाते, तेव्हा एकाचे खराब तेल दुसऱ्यात जाते. अनेक ट्रॅक्टरांत गिअर बॉक्स आणि हायड्रोलिकचे तेल एकच असल्याने ही घाण सगळीकडे फिरते. तेल पुस्तिकेत सांगितलेलेच वापरावे. लिफ्ट कमजोर वाटली म्हणून रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळू नये. पाइप फुटतो किंवा पंप जातो.

पावसाळ्यात पाते उभे ठेवायचे असेल तर जॅकचा दांडा आत घ्यावा. बाहेर राहणाऱ्या चकचकीत भागाला ग्रीस लावावे. त्यावर गंजाचे खड्डे पडले की नवे सीलही लवकर कापले जाते.

जिवाची काळजी

- उचललेल्या पात्याखाली कधीही जाऊ नये. धार बदलताना खाली जाड लाकडी ओंडके ठेवावेत.
- गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. दाबाचे तेल कातडीत शिरले तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच मोठ्या रुग्णालयात जावे.
- पाइप सोडण्यापूर्वी पाते टेकवावे, इंजिन बंद करावे आणि लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब उतरवावा.
- पुणे-नाशिक किंवा तळेगाव-चाकण रस्त्यावरून जाताना पाते सरळ करून उचलावे, लिव्हर लॉक करावा आणि दोन्ही टोकांना लाल परावर्तक पट्टी लावावी. कंपन्यांच्या पाळ्या सुटण्याची वेळ आणि अंधार टाळावा.

कृषी सहाय्यकांनी गावातील प्रात्यक्षिकात पाते चालवून दाखवताना पोझिशन आणि ड्राफ्ट, दोन्ही लिव्हरवर एकेक पट्टा ओढावा. रानात पडलेला फरक शेतकऱ्याला लगेच समजतो. आपले पाते घेण्यापूर्वी शेजाऱ्याचे किंवा अवजारे बँकेचे पाते आपल्या ट्रॅक्टरला एक दिवस लावून पाहावे, त्यानंतरच पैसे गुंतवावेत.