बेसखालचा चेहरा

सकाळी साडेसहाला मेकअप रूममध्ये चेहरा जसा असतो तसा समोर येतो. अर्धवट झोप, पिंपल्सचे जुने डाग, गालांवर पसरलेलं वांग, ओठांभोवतीचा काळपटपणा, सगळं दिसतं. घोडबंदर रोडवरचा बंगला असो की गोरेगावच्या फिल्मसिटीतला फ्लोअर, दिवसाची सुरुवात मेकअप दादाच्या खुर्चीतच होते. या खुर्चीत बसलं की माणसं मोकळी होतात. घरी बोलत नाहीत ते आमच्याशी बोलतात. ते सगळं ऐकून आणि रोज चेहरे जवळून पाहून माझं एक मत पक्कं झालंय. डागाने चेहऱ्याचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते डाग घालवायच्या घाईने. हे किस्से त्या घाईचे आहेत. नावं सांगणार नाही, आमच्या धंद्यात ती सांगायची नसतात.

करेक्टर काय सांगतो

आधी डाग झाकतो कसा, ते सांगतो. गव्हाळ किंवा सावळ्या रंगावरच्या डागावर थेट उजळ बेस लावला तर तो भाग राखेसारखा दिसतो आणि आजचे कॅमेरे तो लगेच पकडतात. म्हणून आधी केशरी करेक्टर, तोही फक्त डागापुरता. अनामिकेने हलकेच टिपायचा, चोळायचा नाही. मग त्यावर चेहऱ्याच्या रंगाचा बेस, मग पावडर.

हे करताना डाग किती खोल आहे तेही कळतं. वरवरचा डाग तपकिरी असतो, त्याला थोडा करेक्टर पुरतो. निळसर-राखाडी डागाला केशरी रंग जास्त लागतो, कारण त्याचा रंग त्वचेच्या आतल्या थरात उतरलेला असतो. तपकिरी डाग काही महिन्यांत फिका पडतो, राखाडी डाग वर्षानुवर्षं रेंगाळतो. डाग पडण्याचं कारण साधं आहे. पिंपल, भाजणं, गरम वॅक्स, कडक ऊन, कशानेही त्वचा दुखावली की तिच्यातल्या पेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त बनवतात. पिंपल फोडलं की जखम खोल जाते आणि तिच्यासोबत डागही. लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट हे घरगुती उपाय करणाऱ्यांना मी म्हणूनच हात जोडतो. दुखावलेल्या कातडीला आणखी दुखावलं तर ती आणखी रंग बनवणार.

मेडिकलमधली ट्यूब

एका मुलीची पहिलीच मोठी मालिका होती. प्रोमो शूट तोंडावर आलेलं आणि हनुवटीवर पिंपल्सचे डाग. तिला कुणीतरी मेकअप रूममध्येच एका ट्यूबचं नाव सांगितलं. मेडिकलवाल्याने काही न विचारता ती दिली. थोड्याच दिवसांत चेहरा असा उजळला की आमचे डीओपी, म्हणजे कॅमेऱ्याचे प्रमुख, म्हणाले, हिला लाइट कमी लागतोय. सगळे खूश.

दोन-तीन महिन्यांनी तिचे गाल लाल राहू लागले. लाइटखाली बसली की आग व्हायची, स्पंज टेकला तरी ती दचकायची. कानशिलाजवळ बारीक लव वाढली होती. ट्यूब थांबवली की चेहरा सुजायचा, म्हणून ती पुन्हा लावायची. एकदा माझ्यासमोर रडली. ‘दादा, मला गोरं व्हायचंच नव्हतं हो. डाग तेवढे जायला हवे होते.’

तिच्यासोबत त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन. यातलं पहिलं स्टेरॉइड. अशा तिहेरी मलमाचं सूत्र अमेरिकेतल्या अल्बर्ट क्लिगमन यांनी सहकाऱ्यासह १९७५ साली मांडलं. ते औषध आहे, डॉक्टरांच्या नजरेखाली ठरावीक मुदतीपुरतं वापरायचं. आपल्याकडे मात्र ते स्नो-पावडरसारखं रोज लावलं जातं. २०११ साली भारतीय त्वचारोगतज्ज्ञांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरीही ती नावं आजही मेकअप रूममध्ये कानोकानी फिरतात.

त्याहून भयंकर म्हणजे लेबल नसलेल्या डब्या. पारा मेलॅनिनची निर्मिती रोखतो, म्हणून काही क्रीममध्ये चोरून पारा घालतात. तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडावर घाला घालतो. अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना क्रीममुळे इजा झाल्याची बातमी २०२३ साली आली, तेव्हा आमच्या सेटवरच्या कितीतरी मुलींनी आपल्या पर्समधल्या डब्या मला आणून दाखवल्या. ज्यांवर घटक, कंपनी, पत्ता काहीच नव्हतं, त्या मी तिथल्या तिथे वापरातून काढायला लावल्या.

वाईचं ऊन

वाईच्या घाटावर आउटडोअर होतं. एका ज्येष्ठ अभिनेत्रीच्या गालांवर बाळंतपणापासूनचं वांग. सीन कृष्णेच्या पायऱ्यांवर. वरून ऊन, खालून पाण्याची आणि दगडाची तिरीप, समोरून रिफ्लेक्टर. ताईंची शिस्त मात्र लष्करी. शॉट कट झाला की छत्री डोक्यावर आलीच पाहिजे. जेवणानंतर चेहरा टिपून पुन्हा सनस्क्रीन, मग बेस. प्रॉडक्शनचा माणूस घड्याळाकडे बघायला लागला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, ‘तुमची दहा मिनिटं वाचतील, माझे पुढचे चार महिने जातील.’

त्यांचं खरं होतं. वांगामागे आनुवंशिकता असते, गर्भारपणातले किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळे होणारे संप्रेरकांचे बदल असतात. पण ते जागं ठेवतं ऊन. महिनोन्‌महिने औषध लावून फिकं झालेलं वांग उन्हाच्या एका शेड्यूलमध्ये परत गडद होतं. साध्या डोळ्यांना दिसणारा प्रकाशही ते वाढवतो, म्हणून वांग असलेल्यांसाठी आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन जास्त उपयोगी.

सनस्क्रीन लावतात बरेच जण, पण वाटाण्याएवढं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं, दर दोन-तीन तासांनी पुन्हा. एसपीएफ ३० किंवा अधिक पुरे, सोबत पीए प्लसची खूण बघा. गाडीच्या काचेतून आणि ढगांतूनही यूव्हीए किरण येतात, त्यामुळे पावसाळ्यात सुट्टी नाही.

मान आणि घासणी

एक तरुण अभिनेता. मानेवर काळा, मखमलीसारखा जाडसर पट्टा. इन्स्पेक्टरच्या भूमिकेत कॉलरखाली तो लपायचा, पण पैलवानाची भूमिका आली आणि त्याने नायलॉनच्या घासणीने मान रक्त येईपर्यंत घासली. त्याला वाटायचं, मळ आहे. घरचेही तेच म्हणायचे. त्याला मी साखर तपासायला लावली. असा पट्टा बऱ्याचदा शरीर इन्शुलिनला दाद देत नसल्याची खूण असते, हे डॉक्टरांकडून ऐकलं होतं. साखर वाढलेली निघाली. वजन उतरलं, खाणं सुधारलं आणि मान हळूहळू निवळू लागली. मानेला क्रीम लावून हे झालं नसतं. नुसत्या घासणीनेही पाठीवर आणि दंडांवर काळपट डाग पडतात, हेही तेव्हाच कळलं.

टिकली आणि गोंद

ऐतिहासिक मालिकेत दाढी-मिशा स्पिरिट गमने डकवतात. पॅकअपनंतर दमलेले कलाकार त्या ओरबाडून काढतात आणि तिथे काळे चट्टे उमटतात. माझ्या खुर्चीत हे चालत नाही. रिमूव्हर भिजवून कडेकडेने सोडवायचं, दहा मिनिटं लागली तरी चालतील. नवा गोंद, नवा रंग आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस बघायचा. टिकलीचंही तसंच. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने कपाळावर उलट पांढरा डाग पडतो. त्वचा खाजली की टिकली बदलायची, वर कन्सीलर लावून दामटायचं नाही.

कॅमेऱ्यासमोरचा एकसारखा रंग

टीव्हीवरची तुकतुकीत, एकाच रंगाची कातडी बघून मुली आरशासमोर खचतात, म्हणून धंद्यातली गोष्ट सांगून टाकतो. सगळा चेहरा एका रंगाचा केला की तो कॅमेऱ्यात सपाट दिसतो. मग शेडिंग, ब्लश लावून आम्हीच चढउतार परत आणतो. कुणाचाही चेहरा एका रंगाचा नसतो. कपाळ आणि तोंडाभोवतीचा भाग गालांपेक्षा थोडा गडद असणं हा आजार नाही. गोऱ्या-काळ्या माणसांत रंग बनवणाऱ्या पेशी जवळपास सारख्याच असतात, त्या रंग किती बनवतात एवढाच फरक. तो फरक पुसायचा प्रयत्न कुणी करू नये.

डाग नकोसा वाटला तर डॉक्टरांकडे जा. ॲझेलाइक ॲसिड, नायासिनामाइडसारखी सौम्य औषधं आहेत, पण त्यांनाही दोन-तीन महिने द्यावे लागतात. गरोदर असाल तर विचारल्याशिवाय काही लावू नका. एखादा तीळ वाढत किंवा रंग बदलत असेल, किंवा त्यातून रक्त येत असेल तर वाट पाहू नका.

आणि आमच्या निर्मात्यांना एक मागणं. आउटडोअरच्या बजेटमध्ये चहा-नाश्ता असतो, तशा छत्र्या आणि सनस्क्रीनही असू द्या, हिरोइनपासून रिफ्लेक्टर धरून उन्हात उभ्या राहणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांसाठी. पुन्हा लावायला मिळणारी दहा मिनिटं कॉल शीटवर लिहा. ज्यांच्या चेहऱ्यावर हा धंदा चालतो, त्यांचा चेहरा सांभाळणं हेही प्रॉडक्शनचंच काम आहे.