चर्चमधली अक्षरं वाचायची कशी?

केडगाव दौंड तालुक्यात आहे. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. ते हातावेगळं करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. बायबलमधल्या ‘नव्या करारा’ची मूळ भाषा ग्रीक. चर्चच्या दर्शनी भिंतीवर, वेदीच्या कापडावर, थडग्यांवर दिसणारी अनेक अक्षरचिन्हंही ग्रीकच आहेत. ती इंग्रजी समजून वाचली तर अर्थ लागत नाही. ग्रीक उच्चार लावला की उलगडतात.

सगळ्यांत जास्त दिसतं ते ‘आयएचएस’. ग्रीकमध्ये येशूचं नाव ‘इएसूस’. त्यातली पहिली तीन अक्षरं इओटा, ईटा आणि सिग्मा. ईटा दिसतं थेट इंग्रजी ‘एच’सारखं, पण तो स्वर आहे, इथे त्याचा उच्चार ‘ह’ होत नाही. म्हणजे तिन्ही मिळून वाचायचं ‘इएस’.

पत्राच्या मायन्यात आपण ‘सा. न. वि. वि.’ लिहितो, तसंच हे संक्षिप्त लेखन. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत देव, प्रभू, येशू, ख्रिस्त हे शब्द आखडून लिहीत आणि वर आडवी रेघ ओढीत. पवित्र नाव ओळखण्याची ती खूण. पुढे लॅटिन लेखनिकांनी ही अक्षरं तशीच उतरवून घेतली. लहान लिपीत ‘एच’ची उभी काठी उंच झाली, वरची रेघ तिला छेदू लागली आणि अक्षरावर आपोआप क्रूस उभा राहिला. ‘येसुस होमिनुम साल्वातोर’, म्हणजे ‘येशू, मानवांचा तारणहार’, हा लॅटिन अर्थ नंतर जोडला गेला.

पंधराव्या शतकात सिएनाच्या संत बर्नार्डिनोंनी ‘आयएचएस’ हे नाव सूर्यकिरणांच्या वलयात रंगवून लोकांपुढे धरलं. १५४० मध्ये मान्यता मिळालेल्या जेझुइट संघाने तीच आपली मुद्रा केली. जुन्या गोव्यातलं १६०५ चं बॉम जेझुस बॅसिलिका जेझुइटांनी उभारलेलं. त्याच्या दर्शनी भागाच्या अगदी माथ्यावर ही तीन अक्षरं कोरलेली आहेत.

दुसरं चिन्ह ‘खी-ऱ्हो’. यात इंग्रजी ‘एक्स’सारखं दिसणारं अक्षर ‘ख’ आणि ‘पी’सारखं दिसणारं ‘र’. एकावर एक बसवले की झाली ‘ख्रिस्त’ची सुरुवात. सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात हे चिन्ह आपल्या सैन्याचं केलं. ‘एक्समस’मधला ‘एक्स’ही हाच ‘ख’. त्यात ख्रिस्ताचं नाव गाळलेलं नाही, ते आखडून लिहिलेलं आहे.

क्रूसाच्या माथ्यावरच्या पाटीवरचं ‘आयएनआरआय’ मात्र पूर्ण लॅटिन: ‘येसुस नाझारेनुस रेक्स युदेओरुम’, म्हणजे ‘नासरेथकर येशू, यहुद्यांचा राजा’. योहानाच्या शुभवर्तमानानुसार ही पाटी हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तिन्ही भाषांत होती. लॅटिनमध्ये ‘इ’ आणि ‘य’ या दोन्ही उच्चारांना एकच अक्षर, म्हणून ‘येसुस’ आणि ‘युदेओरुम’ दोन्ही ‘आय’नेच सुरू होतात.

माशाचं चिन्हही ग्रीक अक्षरांच्याच कुळातलं. ‘इख्थिस’ म्हणजे ग्रीकमध्ये मासा. त्याच्या पाच अक्षरांतून ‘येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणहार’ हे शब्द निघतात.

तेव्हा अशी अक्षरं दिसली की आधी भाषा ठरवावी. ‘आयएचएस’, ‘खी-ऱ्हो’ आणि मासा ग्रीक, ‘आयएनआरआय’ लॅटिन. मग उच्चार लावावा. नंतर जोडलेल्या अर्थांनाही मान द्यावा, कारण शतकानुशतकं भाविकांनी ते मनापासून म्हटले आहेत.