पोस्टाचे तिकीट आणि स्टँपाचा कागद



पत्रावर चिकटवायचे पोस्टाचे तिकीट आणि करारनाम्याला लागणारा स्टँपाचा कागद, या दोन्ही वस्तू तुमच्या ओळखीच्या आहेत. पण दोन्ही नाशिक रोडच्या एकाच सरकारी छापखान्यात छापल्या जात आल्या, हे पुष्कळांना ठाऊक नसते. इंडिया सिक्युरिटी प्रेस हे त्याचे नाव. तिकडची माणसे नुसते ‘प्रेस’ म्हणतात. येथील छपाई १९२५ साली सुरू झाली. तोपर्यंत आपली बहुतेक तिकिटे लंडनच्या डी ला रू कंपनीकडे छापून बोटीने येत. १९२८ साली नाशिक रोडलाच नोटांची छपाई सुरू झाली. स्वातंत्र्यानंतरचे पहिले तिकीट, तिरंगा आणि ‘जय हिंद’ ही अक्षरे असलेले, २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले, तेही येथेच छापलेले.

हे दोन कागद एका छापखान्यातले खरे. पण त्यांचे गुण एक नव्हेत. ते नीट समजावेत म्हणून आधी जरा विलायतेकडे पाहू.

इंग्लंडात पूर्वी टपाल महाग होते. जितके अंतर लांब तितका दर अधिक, आणि पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याने द्यायचे. गरिबाच्या दारी पत्र आले तरी पैशाअभावी ते परत जाई. रोलंड हिल या गृहस्थांनी १८३७ साली हिशेब मांडला. पत्र वाहून नेण्याला खर्च फार थोडा लागतो. खरा खर्च दर ठरवण्याचा आणि दारोदार पैसे गोळा करण्याचा. तेव्हा देशभर एकच दर ठेवा, तो आधीच भरून घ्या, आणि भरल्याची खूण म्हणून तिकीट लावा. १८४० साली हे अमलात आले. दर ठरला एक पेनी. आदल्या वर्षी तेथे सुमारे साडेसात कोटी पत्रे गेली होती. त्या एका वर्षात ती दुपटीहून अधिक झाली. माणसांना लिहायचे होतेच. दर आडवा येत होता.

स्टँपाच्या कागदाची गोष्ट याहून जुनी. हा कागद म्हणजे कर घेण्याची युक्ती. इंग्लंडच्या पार्लमेंटने १७६५ साली अमेरिकेतील आपल्या वसाहतींवर असा कर बसवला. कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रे, पंचांगे, एवढेच काय, खेळायचे पत्तेसुद्धा लंडनहून आलेल्या छापाच्या कागदावरच हवेत, असा कायदा झाला. तिकडचे लोक म्हणाले, ‘ज्या सभेत आमचा माणूस नाही, तिने आमच्यावर कर बसवायचा कसा?’ त्यांनी इंग्रजी मालावर बहिष्कार टाकला. वर्षभरात, १७६६ साली, कायदा मागे घ्यावा लागला. पण पडलेली फट बुजली नाही. १७७६ साली त्या वसाहती स्वतंत्र झाल्याचे जाहीर झाले. खुद्द इंग्लंडातही वर्तमानपत्रावर स्टँप होता. त्यामुळे पत्र महाग होई आणि मजुराला ते परवडत नसे. लोक त्याला ‘ज्ञानावरचा कर’ म्हणत. तो १८५५ साली उठला.

आता आपल्याकडे या. १८५४ साली आपल्या देशात पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा हा एकच दर झाला, पत्र कितीही लांब जावो. १८७९ साली एका पैशाचे पोस्टकार्ड निघाले. ही झाली टपालाची बाजू.

दुसरी बाजू पाहा. त्याच सुमारास पुणे आणि नगर जिल्ह्यांतला शेतकरी सावकाराच्या रोख्याने जेरीस आला होता. रोख्याची मुदत तीन वर्षांची, असा १८५९ चा कायदा होता. तो केला होता व्याज फुगू नये म्हणून. पण मुदत भरत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई. थकलेले व्याज मुद्दलात मिळवी आणि त्यावर पुन्हा व्याज चढवी. कागद स्टँपाचा, लिहिणारा सावकाराचा, आणि खाली निशाणी शेतकऱ्याची. आत काय लिहिले आहे ते त्याला कोर्टात कळे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोक उठले. त्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे काढून जाळले. पुढे ही आग गावोगाव पसरली. लोकांचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कागदावर होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली, पोस्टकार्डाच्याच वर्षी, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. कोर्टाने नुसता रोखा न पाहता मूळ व्यवहार तपासावा आणि शेतकऱ्याचे दस्त ग्राम-रजिस्ट्रारासमोर व्हावेत, असे त्यात होते. त्याने काही आधार मिळाला. पण ज्याला वाचता येत नाही, तो दुसऱ्याच्या डोळ्यांनीच पाहणार.

यावरून आज आपण काय घ्यायचे? पहिली गोष्ट अशी की, स्टँप म्हणजे सरकारचे शुल्क भरल्याची खूण. आतला मजकूर खरा आहे, अशी ग्वाही तो देत नाही. खोटे लिहिले तर ते स्टँपावरही खोटेच राहते. दुसरी गोष्ट जमिनीची. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीची जमीन विकत घ्यायची, तर दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदवावे लागते. ‘स्टँपावर लिहून दिले आहे, नोटरीची सही आहे’, एवढ्याने जमीन नावावर होत नाही. या एका समजुतीपायी आयुष्यभराची पुंजी गमावल्याची उदाहरणे गावोगाव सापडतील. आता शुल्क संगणकावरूनही भरता येते, पण हा नियम बदललेला नाही.

शिक्षकमित्रांनो, येथे तुमचे काम आहे. पत्रलेखन आपण शाळेत शिकवतो, तसाच दस्त वाचायलाही शिकवा. वरच्या वर्गात एखादा नमुन्याचा करारनामा फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा : देणारा कोण, घेणारा कोण, गट नंबर कोणता, रक्कम अंकात आणि अक्षरात एकच आहे का, मुदत किती, आणि कोठे कोरी जागा सोडली आहे का? मग मुलांना सांगा, घरी कोणताही कागद आला की आजी-आजोबांना तो मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि वाचून झाल्याशिवाय कोणी सही किंवा अंगठा करायचा नाही.

सुप्याच्या लोकांना कागद जाळावे लागले, कारण ते त्यांना वाचता येत नव्हते. आपल्या मुलांना ते वाचता येतात. तेवढी सवय घरोघर लावून घेऊ या.