गाठीतून निघालेली वाट

श्रीराम अभ्यंकरांचा जन्म २२ जुलै १९३०चा, इंदूरच्या शेजारच्या उज्जैनचा. वडील शंकर केशव अभ्यंकर ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक. घरी आणि पुढे मुंबईत गणित शिकून श्रीराम हार्वर्डला गेले आणि १९५५मध्ये ऑस्कर झारिस्कींच्या हाताखाली पीएच.डी. झाले. वक्र किंवा पृष्ठभाग जिथे स्वतःलाच छेदतो किंवा टोकदार होतो, तिथली गुंतागुंत सोडवायची कशी, हा प्रश्न त्यांनी जन्मभर धरून ठेवला. अवजड सिद्धांतांपेक्षा शाळेतल्या बीजगणितावर त्यांची श्रद्धा जास्त.

हे काम एखाद्या यंत्राच्या उपयोगी पडेल, असं तेव्हा कुणाला वाटलं असेल? पण १९८७मध्ये पर्ड्यू विद्यापीठात गणिताबरोबर औद्योगिक अभियांत्रिकीचं आणि पुढच्याच वर्षी संगणकशास्त्राचं प्राध्यापकपदही त्यांच्याकडे आलं. चंद्रजित बजाज यांच्यासोबत त्यांनी संगणकीय आरेखनासाठी वक्र आणि पृष्ठभागांवर शोधनिबंधांची मालिकाच लिहिली.

त्यातली युक्ती मला फार देखणी वाटते. य² = क्ष²(क्ष + १) हा वक्र घ्या. शून्यबिंदूपाशी तो स्वतःला छेदतो, तिथे गाठ पडते. अमुक बिंदू वक्रावर आहे की नाही, एवढंच समीकरण सांगतं. संगणकाच्या आरेखनावरून तोच वक्र कापणाऱ्या यंत्राच्या हत्याराला मात्र पुढे कुठे सरकायचं ते कळावं लागतं. आता गाठीतून ‘त’ एवढ्या चढाची सरळ रेषा काढा. ती वक्राला आणखी एकाच ठिकाणी भेटते: क्ष = त² − १, य = त³ − त. चढ बदलत न्या, अख्खा वक्र आखून होतो. जी गाठ सोडवण्यात अभ्यंकरांची उमर गेली, तिनेच इथे हत्याराला वाट दाखवली.

गाठी सोडवण्याच्या याच विषयात रमलेले व्हिएन्नाचे गणितज्ञ हेरविग हाउझर पृष्ठभागांच्या अशा समीकरणांची रंगीत चित्रं काढतात. जर्मनीत २००८मध्ये सुरू झालेल्या ‘इमॅजिनरी’ प्रदर्शनात ती लोकांनी पाहिली. असे पृष्ठभाग आता थ्रीडी प्रिंटरवर छापून हातातही घेता येतात. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात तर लेसरनं धातूची भुकटी वितळवून, थरावर थर चढवत वस्तू घडवण्यावर काम झालं आहे.

अभ्यंकर २०१२मध्ये गेले. पुण्यात त्यांनी १९७६मध्ये स्थापलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान आजही गणित शिकवतं. इंदूरच्या एखाद्या महाविद्यालयानं आता क्ष² = य²ज हा स्वतःतून आरपार जाणारा पृष्ठभाग छापून पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हाती द्यावा.