जुन्या ट्रान्सफॉर्मरचं बुशिंग फुटलंय? आधी तडा कुठे गेलाय ते बघा

११ केव्हीच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या टाकीवर चिनी मातीची बुशिंग, म्हणजे वीजवाहक टाकीबाहेर आणणाऱ्या इन्सुलेटर नळ्या, उभी असतात. त्यांच्या छत्र्या शोभेच्या नाहीत! पृष्ठभागावरून वीज टाकीकडे झेपावू नये म्हणून त्या तिची वाट लांबवतात आणि पावसातही खालची बाजू कोरडी ठेवतात.

🔸 छत्रीच्या कडेचा लहानसा टवका उडालाय? जागा स्वच्छ, कोरडी करून इन्सुलेटिंग वार्निश लावतात. नाहीतर झिलई गेलेल्या खरखरीत जागी धूळ साचत राहते.

🔸 मुख्य नळीलाच तडा? मग डागडुजी नकोच. तिथून ओल टाकीतल्या तेलात उतरते. बुशिंग आणि गॅस्केट, दोन्ही नवीन बसवायची.

🔸 त्यानंतर मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारी) आणि तेलाची बीडीव्ही (तेल किती व्होल्टेजपर्यंत टिकतं ते पाहणारी) चाचणी हवीच.

हे काम उच्च आणि कमी दाबाच्या दोन्ही बाजूंचा पुरवठा तोडून, अर्थिंग करून, परवानाधारक माणसानेच करायचं. यात तडजोड नाही!