निवास व न्याहारी
निवास व न्याहारी, म्हणजेच बेड अँड ब्रेकफास्ट किंवा संक्षेपाने बी अँड बी, ही प्रवाशांच्या अल्पकालीन मुक्कामाची सोय आहे. घरमालक स्वतः राहत असलेल्या घरातील काही खोल्या भाड्याने देतो आणि सकाळची न्याहारी त्या भाड्यातच धरलेली असते. ब्रिटन व आयर्लंडमध्ये ही पद्धत विशेष रूढ आहे. न्याहारी अनेक हॉटेलांतही मिळते. त्यामुळे घर आणि व्यवसाय एकाच छपराखाली असणे, हेच या व्यवस्थेचे खरे लक्षण होय.

स्वरूप

खोल्या मोजक्या असतात. खोली रिकामी आहे की नाही, हे सांगणारी पाटी खिडकीत लावण्याची ब्रिटनमध्ये जुनी प्रथा आहे. अंडी, बेकन, सॉसेज, टोस्ट व चहा अशी भरपेट न्याहारी ठरलेल्या वेळेत वाढली जाते. इतर जेवण पाहुण्याने बहुधा बाहेर घ्यायचे असते. चोवीस तास चालणारा स्वागतकक्ष नसल्यामुळे पोहोचण्याची वेळ आधी कळवावी लागते.

घर की व्यवसाय?

अशी वास्तू घर मानावी की व्यवसायाची जागा, यावर कर आणि कायदा दोन्ही अवलंबून असतात. इंग्लंडमध्ये मालक तेथेच राहत असेल, एका वेळी सहापेक्षा अधिक पाहुण्यांची सोय नसेल आणि भाड्याचा वापर दुय्यम असेल, तर व्यावसायिक मालमत्ता कर लागू होत नाही.

मात्र घर आपले असले तरी पाहुणा निवडण्याचे स्वातंत्र्य अमर्याद नसते. कॉर्नवॉलमधील एका अतिथिगृहाच्या मालक दांपत्याने २००८ मध्ये एका समलिंगी जोडप्याला दुहेरी पलंगाची खोली नाकारली. मालक त्याच इमारतीत राहत होते आणि त्यांनी धर्मश्रद्धेचा आधार घेतला होता. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा नकार बेकायदेशीर भेदभाव ठरवला.

भारतात

दिल्लीतील २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांपूर्वी खोल्यांची टंचाई जाणवू लागली, तेव्हा या पद्धतीला चालना मिळाली. दिल्लीसाठी २००७ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या ‘अतुल्य भारत’ योजनेत सुवर्ण व रजत अशा दोन श्रेणी ठेवण्यात आल्या; कमाल मर्यादा सहा खोल्या व बारा खाटांची, आणि मालकाने कुटुंबासह तेथेच राहण्याची अट.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानेही निवास व न्याहारी याच नावाने योजना राबवली. तथापि कोकणात, उदाहरणार्थ दिवेआगर, गुहागर किंवा तारकर्ली येथे, हे नाव अपुरे पडते. ‘घरगुती जेवणाची व राहण्याची सोय’ या पाटीमागे घावणे-आंबोळ्यांबरोबरच दोन वेळचे जेवणही अभिप्रेत असते, आणि पुष्कळदा पर्यटक मुक्काम निवडतो तो त्या जेवणासाठीच.

अन्य अर्थ

ब्रिटनमध्ये ही संज्ञा पर्यटनाबाहेरही वापरली जाते. बेघर कुटुंबांना स्थानिक परिषदा तात्पुरता आसरा म्हणून अशा खोल्यांत ठेवतात. एकाच खोलीत संसार आणि सामायिक स्वयंपाकघर व न्हाणीघर, असे हे जिणे असते. इंग्लंडमध्ये २००४ पासून मुले असलेल्या कुटुंबाला तेथे सहा आठवड्यांपेक्षा अधिक काळ ठेवण्यास कायद्याने मनाई आहे.